आगगाडीला कंठ फुटला तेव्हा

आगगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. फलाटावर उभी असलेली माणसे वळणाकडे डोळे लावून असतात हे खरे, पण गाडी आल्याचे त्यांना आधी कळते ते कानांनीच. लहान मुले आगगाडी-आगगाडी खेळतात तेव्हा त्यांना रूळ लागत नाहीत, डबे लागत नाहीत. पुढच्याच्या सदऱ्याचे टोक धरायचे, तोंडाने झुकझुक करायचे, मधूनच एक लांब शिट्टी मारायची, की गाडी तयार. आगगाडीतून एकेक गोष्ट वजा करीत गेलो तर शेवटी जे उरते तो तिचा आवाज होय.

विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीला मात्र हा आवाज उशिरा मिळाला. रूळ आले, डबे आले, दिवे, पूल, बोगदे, सिग्नल सगळे आले. गाडी मात्र मोटरची घरघर सोडली तर जवळजवळ मुकीच राहिली. तिला कंठ फुटला तो १९३५ साली, अमेरिकेतल्या एका कारखान्यात. त्या कारखान्याच्या मालकाचे, जोशुआ लायोनेल कॉवेनचे चरित्र मी ह्या लेखात सांगणार आहे. त्याचे मधले नाव अमेरिकेत घरोघर ठाऊक आहे, कारण तेच त्याच्या आगगाड्यांचे नाव झाले. आज छंदिष्ट लोक छोट्या इंजिनांत आवाजाचे जे डिकोडर बसवतात, त्यांचे मूळ शोधत गेले की वाट ह्याच माणसाच्या दारात येऊन थांबते.

जोशुआचा जन्म २५ ऑगस्ट १८७७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील युरोपातून स्थलांतर करून आलेले ज्यू. घराण्याचे मूळ आडनाव कोहेन. त्याचे कॉवेन त्याने पुढे मोठेपणी केले. नऊ भावंडांत तो आठवा. लहानपणी लाकडाचे इंजिन कोरून त्यात आपण वाफेचे छोटे यंत्र बसवले, ते फुटले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कागद उडाला, अशी एक हकीकत तो म्हातारपणी रंगवून सांगत असे. त्याच्या अशा हकीकती पुष्कळ आहेत. विजेच्या हातबत्तीची कल्पना मूळची आपली, असेही तो सांगे. संशोधकांना मात्र त्याला आधार सापडलेला नाही. तेव्हा चरित्र वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा मनुष्य कारागीर होता तसाच विक्रेताही होता, आणि विक्रेत्याला आपली गोष्ट आहे त्याहून थोडी बरी करून सांगायची सवय असते.

शिक्षणात त्याचे मन रमले नाही. महाविद्यालयात नाव घालायचे आणि सोडून द्यायचे, असे त्याचे झाले. हात मात्र सतत चालू असत. विजेच्या दिव्यांच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. छायाचित्र काढताना प्रकाशासाठी जी पूड पेटवीत, ती विजेने पेटवण्याची एक युक्ती त्याने काढली आणि १८९९ साली तिचे पेटंट मिळवले. अमेरिकेच्या नौदलाला पाण्यातले सुरुंग उडवण्यासाठी अशाच युक्तीची गरज होती. त्याला २४,००० नगांचे काम मिळाले, आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे त्यातून १२,००० डॉलर हाती आले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तिच्या जोरावर हॅरी ग्रँट ह्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्याने १९०० सालच्या सप्टेंबरात आपली कंपनी काढली आणि तिला स्वतःचे मधले नाव दिले. तेव्हा त्याचे वय तेवीस होते. गंमत अशी की कंपनी निघाली तरी काय विकायचे हे ठरलेले नव्हते.

आगगाडी तिच्यात शिरली ती चोरपावलांनी. कोर्टलँड स्ट्रीटवर रॉबर्ट इंगरसोल नावाच्या गृहस्थाचे दुकान होते. काचेआड मांडलेल्या मालाकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे लक्ष जात नाही हे कॉवेनने पाहिले. त्याने एक उघडे लाकडी खोके घेतले, त्याखाली एका छोट्या पंख्याची मोटर बसवली, चाके लावली, आणि धातूच्या पट्ट्यांच्या वर्तुळाकार रुळावर ते फिरते केले. रुळांमधले अंतर होते २ इंच आणि वर ७ अष्टमांश. खोक्यात विकायचा माल ठेवायचा, खोके फिरत राहील, आणि लोक बघायला थांबतील, असा बेत होता. लोक थांबले, पण माल विकत घेण्याऐवजी त्यांनी गाडीच मागितली. दुकानदाराला ती विकावी लागली, आणि त्याने आणखी सहा गाड्या मागवल्या. जाहिरातीसाठी केलेली वस्तू हाच माल ठरला.

ह्या घटनेचा अर्थ कॉवेनने लगेच ओळखला. स्थिर वस्तूपाशी माणूस क्षणभर थांबतो. हलत्या वस्तूपाशी तो रेंगाळतो. आणि जी वस्तू आपल्या इच्छेने हलवता येईल तिच्यासाठी तो पैसे मोजतो. त्याच्या पुढच्या साठ वर्षांच्या धंद्याचा पाया हाच आहे.

१९०२ साली त्याची पहिली सूचिपत्रिका निघाली. त्या वेळी बहुतेक घरांत वीज नव्हती, म्हणून गाडी बॅटरीवर कशी चालवायची हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागे. १९०६ साली त्याने तीन रुळांची पद्धत आणली. बाहेरच्या दोन रुळांवरून चाके धावतात आणि मधल्या रुळातून वीज येते. खऱ्या आगगाडीला असा मधला रूळ नसतो. तेव्हा दिसायला हे खोटेच. पण त्यात सोय मोठी होती. दोनच रूळ असले आणि मार्ग वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाला, तर दोन्ही बाजूंची वीज एकमेकींना भिडून शॉर्ट सर्किट होते. मधला रूळ असला की मुलाने रूळ कसेही जोडावेत, गाडी चालते. ह्याच सुमारास त्याने रुळांसाठी स्वतःचेच एक माप ठरवले आणि त्याचे नावच प्रमाणभूत माप असे ठेवले. म्हणजे इतरांची मापे आपोआपच अप्रमाण ठरली! प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची नालस्ती करण्यातही त्याचा हात कोणी धरला नसता.

१९०४ साली सेसिलिया लिबरमन हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना लॉरेन्स हा मुलगा आणि इझाबेल ही मुलगी. लॉरेन्सचा बाळपणीचा हसरा चेहरा कंपनीच्या जाहिरातींत आणि खोक्यांवर झळकू लागला. कॉवेनच्या जाहिरातींचा सूर ठरलेला असे. बाप आणि मुलगा गालिच्यावर पालथे पडलेले, मध्ये गाडी फिरते आहे; ज्याला मुलाचा मित्र व्हायचे आहे त्या बापाने ही गाडी घरी आणावी. नाताळच्या झाडाभोवती आगगाडी फिरवण्याची रूढी अमेरिकेत जी घट्ट झाली, तिच्यातही ह्या जाहिरातींचा वाटा मोठा आहे. एका ज्यू कारखानदाराने ख्रिस्ती सणाला असे एक खेळणे जोडून दिले. कारखाना वाढत वाढत न्यू जर्सीतल्या अर्विंग्टनला गेला. पहिल्या महायुद्धात तिथे नौदलासाठी उपकरणे झाली. युद्धानंतर आगगाड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि १९२० नंतरच्या दशकात धंदा ऐन भरात आला.

ह्या चित्रात एक जागा रिकामी आहे, ती मला आधीपासून जाणवत होती. घरात इझाबेल होती, पण जाहिरातींतली गाडी तिच्यासाठी नव्हती. बहीण असलीच तर ती बाजूला बसून भावाची गाडी पाहत असे. ह्या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे.

१९२९ च्या मंदीने खेळण्यांचा बाजार बसला. पोटाला चिमटा काढून जगणारी कुटुंबे महागड्या आगगाड्या कुठून घेणार? १९३४ च्या मे महिन्यात कंपनी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेली. त्याच वर्षी तिने एक डॉलरचे एक खेळणे काढले. रुळांवरून हाताने ढकलायच्या ट्रॉलीवर मिकी आणि मिनी उंदीर दांडा वरखाली करीत आहेत, असे ते होते. नाताळापर्यंत अडीच लाखांवर नग खपले, आणि १९३५ च्या जानेवारीत कंपनी पुन्हा मालकांच्या ताब्यात आली. उंदरांनी कंपनी वाचवली, ही कथा वर्तमानपत्रांना फारच आवडली. वस्तुतः एक डॉलरच्या खेळण्यावर सुटून सुटून सुटणार किती? त्याच वर्षी आणलेल्या नव्या धाटणीच्या लांब, गुळगुळीत गाड्यांनीही धंदा सावरायला मोठा हातभार लावला. परंतु माझ्या मते मिकीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. १९३५ साली गाडीला शिट्टी आली.

ही शिट्टी कशी होती, हे नीट पाहण्यासारखे आहे. वाफेच्या इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहणारा डबा असतो, त्याला टेंडर म्हणतात. खेळण्यात इंजिन मोटरने भरलेले, टेंडर मात्र रिकामे. त्या रिकाम्या जागेत एक चिमुकली मोटर बसवली. ती एक छोटा पंखा फिरवी, पंख्याची हवा दोन कमीजास्त मापांच्या कप्प्यांतून जाई, आणि दोन स्वरांची एक घोगरी, खरीखुरी वाटणारी शिट्टी निघे. इथपर्यंत कोणीही कुशल कारागीर पोचला असता. खरा प्रश्न पुढचा होता. टेंडर तर धावते आहे. त्याला तार जोडलेली नाही. मग आता वाज, हा हुकूम त्याच्यापर्यंत पोचवायचा कसा?

रूळ सोडून दुसरा मार्गच नव्हता. आणि रुळांतून तर मोटरसाठी वीज आधीच चालली होती. ह्या गाड्या ए.सी. विजेवर, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणाऱ्या प्रवाहावर चालत. कॉवेनच्या तंत्रज्ञांनी असे केले की, मुलाने बटण दाबताच त्या ए.सी. प्रवाहात थोडासा डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिसळावा. टेंडरमध्ये एक रिले होता. तो ए.सी.ला दाद देत नसे, डी.सी. आला की मात्र तो ओढला जाई, आणि शिट्टीच्या मोटरला वीज मिळे. शिट्टी वीज खात असल्यामुळे गाडी मंदावू नये, म्हणून बटणाबरोबर थोडा दाबही वाढवलेला असे. थोडक्यात, एकाच रुळातून दोन गोष्टी जाऊ लागल्या: चाकांसाठी शक्ती आणि शिट्टीसाठी निरोप. चाकांना निरोप कळत नाही, आणि रिलेला शक्ती भुलवीत नाही.

ह्यापूर्वी मूल गाडी चालवू शकत होते, थांबवू शकत होते. आता त्याने बटण दाबले की खोलीच्या त्या टोकाला, पलंगाखालच्या अंधारातून गाडी त्याला ओ देऊ लागली. खेळण्याच्या इतिहासात हा फरक मला फार मोठा वाटतो. हलणारी वस्तू आपली असते. ओ देणारी वस्तू मात्र सोबत होते.

१९३७ साली कंपनीने न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन जातीच्या इंजिनाची बारीकसारीक तपशिलांसह हुबेहूब प्रतिकृती काढली. किंमत ७५ डॉलर. पुष्कळ कामगारांची महिन्याची मिळकतही तेवढी असेल-नसेल. ती घेणारे लोक मुले नव्हेत, मोठी माणसे होती. खेळणे आणि प्रतिकृती ह्यांच्यामधली रेघ इथे पुसट झाली. ज्यांना आपण छंदिष्ट म्हणतो त्यांचा वर्ग आकाराला येत होता. योगायोग असा की, प्रतिकृती करणाऱ्यांची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९३५ सालीच, म्हणजे शिट्टीच्याच वर्षी स्थापन झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली आगगाड्यांचे उत्पादन बंद झाले आणि कारखाना पुन्हा नौदलाच्या कामाला लागला. धातू मिळेना, तेव्हा १९४३ साली कंपनीने पुठ्ठ्याची, कापून जोडायची आगगाडी विकली! युद्ध संपल्यावर मात्र कॉवेनचे सर्वांत वैभवाचे दिवस आले. १९४६ साली इंजिनाच्या धुराड्यातून धूर येऊ लागला. त्यासाठी धुराड्यात एक गोळी टाकायची असे. त्याच वर्षी एक असा संच निघाला की ज्यात प्रत्येक डब्याला वेगळा हुकूम देता येई. एका पेटीवर रंगीत बटणे. प्रत्येक बटणाची लहर वेगळी. ती रुळांतूनच जाई, आणि ज्या डब्यातला ग्राहक त्या लहरीला जुळवलेला असेल तोच डबा आज्ञा पाळी. हा डबा सोड, तो माल उतर, शिट्टी दे, असे एकाच रुळावर सुटेसुटे बोलता येऊ लागले. कल्पना अजोड होती, पण संच महाग होता आणि नाजूकही. तीन-चार वर्षांत तो बंद झाला. काळाच्या पुढे धावणाऱ्या वस्तूंचे बहुधा असेच होते.

१९५३ साली कंपनीची विक्री तीन कोटी डॉलरच्या वर गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कारखान्यांत तिची गणना होऊ लागली. तिथून उतरण सुरू झाली. कारणे शोधायला लांब जायला नको. अमेरिकन माणूस मोटारीत बसला आणि विमानात चढला. मुलांच्या डोळ्यांपुढे दूरचित्रवाणी आली, मग छोट्या शर्यतीच्या मोटारी आणि अग्निबाण आले. खरी वाफेची इंजिने एकामागून एक भंगारात गेली. ज्याची नक्कल करायची ते मूळच रस्त्यावरून उठले, तर नकलेची किंमत काय राहणार?

ह्याच उतरणीवर, १९५७ साली, कंपनीला मुलींची आठवण झाली. खास मुलींसाठी म्हणून एक गाडी निघाली. तिचे वाफेचे इंजिन गुलाबी होते, आणि डबे फिकट निळे, पिवळे, जांभळे. ती पडून राहिली. दुकानदारांनी ती परत केली. ती का खपली नाही, ह्याचे जे कारण दिले जाते ते मला पटते. ज्या मुलीला आगगाडी हवी होती तिला आगगाडीच हवी होती, आणि आगगाडीचे इंजिन काळे असते. आज त्याच गुलाबी गाडीला संग्राहक मोठी किंमत देतात. पण पन्नासाहून अधिक वर्षे धंदा करून अर्धी मुले आपण बाजूलाच बसवून ठेवली, हा त्या गाडीतून निघणारा हिशेब काही कोणाला विकत घेऊन चुकवता येत नाही.

युद्धानंतर लॉरेन्स कंपनीचा अध्यक्ष झाला होता, जोशुआ सर्वांच्या वर होता. खोक्यावरचे हसरे बाळ आता पन्नाशीचे होते. बाप-मुलाची जी जोडी कॉवेनने लाखो घरांना विकली, तिच्या हातून स्वतःच्या घरची गाडी मात्र रुळावर राहिली नाही. तोटा दिसू लागला. १९५९ साली, वयाच्या ब्याऐंशीच्या सुमारास, जोशुआने आपले सुमारे ५५,००० शेअर विकून टाकले. घेणाऱ्या गटाचा म्होरक्या होता त्याच्या नात्यातला नातू रॉय कोहन, सिनेटर मॅकार्थीचा सहकारी म्हणून गाजलेला वकील. ज्या कोहेन आडनावावरून जोशुआ दूर गेला होता, त्याच आडनावाकडे कंपनी परत गेली. कोहनला ती सावरता आली नाही. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडातल्या पाम बीच येथे कॉवेन वारला. दोन वर्षांनी, १९६७ साली, कंपनीचे दिवाळे निघाले. १९६९ साली खेळण्यातल्या आगगाड्या करण्याचा परवाना एका धान्य-पिठाच्या मोठ्या कंपनीकडे गेला.

चरित्र इथे संपते, पण शिट्टी संपत नाही. १९९० नंतरच्या दशकात प्रतिकृतिकारांच्या त्याच राष्ट्रीय संघटनेने, लेंझ ह्या जर्मन कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारावर, गाड्यांना अंकी हुकूम देण्याची एक समान पद्धत ठरवली. तीत रुळांतली वीज दर सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटते. पालटणे लवकर झाले तर तो एक, उशिरा झाले तर ते शून्य. ह्या एक-शून्यांच्या ओळीत आधी इंजिनाचा क्रमांक असतो आणि मग हुकूम. इंजिनात बसवलेला डिकोडर नावाचा नखाएवढा किंवा बोटाएवढा फलक ती ओळ सतत वाचत असतो. आपला क्रमांक आला की हुकूम पाळतो, नाही तर गप्प राहतो. मोटर त्याच विजेवर चालते. शक्ती आणि निरोप एकाच रुळातून: १९३५ सालचीच ही युक्ती. फरक एवढाच की तेव्हा निरोपात एकच शब्द होता, आज पूर्ण वाक्य असते.

माझ्या मामांना प्रतिकृतींचा छंद आहे. त्यांच्या एका वाफेच्या इंजिनात डिकोडर मी बसवला, म्हणून हे काम मला हातांनी कळले आहे. इंजिन मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे. पहिले काम म्हणजे मोटर रुळांपासून तोडणे. मोटरच्या दोन्ही ब्रशांचा सांगाड्याशी कुठेही स्पर्श राहता कामा नये. राहिला तर चालू करताच डिकोडर जळतो. मग तांबडी आणि काळी तार रुळांकडून येणाऱ्या विजेला, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, निळी दिव्यांच्या सामाईक टोकाला. डाख लावताना हात थरथरला की शेजारच्या टोकाला भिडतो. उघडा जोड ठेवायचा नाही. त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. ध्वनिक्षेपक रुपयाच्या नाण्याएवढा. तो नुसता ठेवला तर आवाज पत्र्यासारखा येतो, कारण त्याच्या पुढून निघालेली लाट मागून निघालेल्या लाटेला खोडते. मागची बाजू एका घट्ट डबीत बंद केली की आवाजाला पोट येते. ही डबी बसवायला जागा कुठे? टेंडरमध्ये. १९३५ साली शिट्टी जिथे बसली तिथेच.

सगळे जोडून झाले तरी गाडी लगेच मुख्य रुळावर घालत नाहीत. आधी थोड्याशा विजेवर, वेगळ्या तुकड्यावर तिला तिचा क्रमांक विचारायचा. उत्तर आले तर जोडणी बरोबर. नंतर भुसभुस जुळवायची. दोन सिलिंडरांच्या इंजिनात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार येतात. हुंकार तीन आले किंवा पाच आले तर आकडेमोड न करताही कानाला खटकते. चार जुळले की डोळ्यांपुढचा पत्र्याचा तुकडा अचानक जड वाटू लागतो. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथे अख्खे शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या एका खोलीत मांडल्या आहेत. ह्या छंदाची ओळख आपल्या भागात करून घ्यायची असेल तर मी वाचकांना तिथे जायला सांगेन.

डिकोडरमध्ये भरलेले आवाज खऱ्या इंजिनांच्या ध्वनिमुद्रणांवरून घेतात. इथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. १९३७ साली कॉवेनने ज्याची प्रतिकृती केली, त्या हडसन जातीची न्यूयॉर्क सेंट्रलची सगळी इंजिने मोडीत काढली गेली. जपण्यासाठी एकही ठेवले नाही. खरे इंजिन गेले आणि खेळणे राहिले. तिच्या घुमणाऱ्या शिट्टीचा भास आज हातभर लांबीच्या खेळण्यातून होतो.

कॉवेनला थोर शोधक म्हणणे अवघड आहे. त्याच्या हकीकतींतल्या कित्येक उसन्या आहेत, जाहिराती बढाईखोर आहेत, आणि त्याची गाडी त्याने बापांसाठी आणि धडधाकट मुलग्यांसाठीच आखली. पण त्याने सोडलेली कल्पना त्याच्याहून मोठी निघाली. १९९० नंतर लायोनेल हे नाव नव्या मालकांकडे आले, त्यांत प्रसिद्ध गायक नील यंग हाही होता. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी हा मेंदूचा विकार असल्यामुळे बोटांनी नेहमीचे नियंत्रण चालवता येत नसे. बापाने त्याच्यासाठी मोठ्या बटणाने गाडी चालवता येईल अशी सोय केली. त्या खटपटीतून बिनतारी हुकुमाच्या नव्या पद्धतीला चालना मिळाली, आणि आवाजाच्या यंत्रणेवरही त्याने काम केले. कॉवेनच्या जाहिरातींतल्या गालिच्यावर ह्या मुलाला जागा नव्हती, तशीच इझाबेललाही नव्हती. पण बटण दाबणारा हात कोणाचा, हे रुळाला कळत नाही. निरोप पोचला की टेंडर ओ देते.